कर्जाचा आकडा मुलांनाही ठाऊक असतो

'श्यामची आई' हे मराठी घराघरातले बालपणाचे पुस्तक. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, १९३५ साली ते छापून आले, पुढे आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. कित्येक पिढ्यांनी ते वाचले आणि वाचून दाखवले. या पुस्तकात काय आहे असे कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: आईची माया, संस्कार आणि डोळ्यांत उभे राहणारे पाणी. पुस्तक शांतपणे पुन्हा उघडले की मात्र दिसते ते कर्जात बुडत चाललेले एक घर. भाऊबंदकी आहे, कोर्टकचेऱ्या आहेत, सावकार आहे. वसुलीला आलेला माणूस दारात उभा राहून आईला नको ते बोलतो. जप्तीची दवंडी पिटली जाते आणि तिची लाज शाळेपर्यंत पोचते. श्याम हे सगळे पाहतो आणि त्याला ते कळते. तो चुकतो, हट्ट करतो, एकदा चोरीही करतो. साने गुरुजींनी यातले काहीच लपवलेले नाही. आपण वाचकांनी मात्र त्यातली माया तेवढी जपली आणि कर्ज गाळून टाकले. मूल आणि दुःख एकत्र आले की आपण दुःखाचे कारण बाजूला सारतो आणि मुलाचे अश्रू जवळ करतो. ही सवय साहित्याला घातक आहे आणि मुलांना तर त्याहून घातक, असे माझे म्हणणे आहे.

बुलडाणा जिल्ह्यात बसून वाचले तर श्यामचे पालगडचे ते घर लांबचे वाटत नाही. घाटावर चिखली, मेहकर, लोणारकडे कोरडवाहू सोयाबीन आहे; घाटाखाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात कपाशी आहे. दोन्हीकडे पेरणी उसनवारीवर होते आणि पीक घरात येण्याआधीच त्याचा पैसा वाटला गेलेला असतो. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ आणि वर्ध्याच्या जोडीला बुलडाण्याचेही नाव होते. त्यानंतरही या पट्ट्यातल्या शेतकरी आत्महत्यांच्या नोंदी थांबलेल्या नाहीत. अशा प्रत्येक मृत्यूमागून एक सरकारी काम सुरू होते. पंचनामा होतो, तहसीलचा अहवाल जातो, प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे येते आणि ते 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते. पात्र ठरले तर एक लाख रुपये मिळतात. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज कोणाचे होते, परतफेडीचा तगादा लागला होता का, हे तपासले जाते. घरात सातवीतले मूल आहे, याने पात्रता ठरत नाही. पण ते मूल त्या घरातच असते. आलेल्या माणसांना पाणी देणारे तेच, पेटीतून पासबुक शोधून काढणारे तेच, आणि कित्येकदा त्यातला आकडा आईला वाचून दाखवणारेही तेच. पुढे वारसाचा फेरफार होतो. आईच्या पालकत्वाखाली मुलाचे नाव सातबाऱ्यावर चढते आणि बाजूला इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा तसाच उभा असतो. तेरवीला आलेले नातेवाईक त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगतात, आता तूच घरचा कर्ता.

या मुलाचे आपण साहित्यात काय केले? शेतकरी आत्महत्यांवर मराठीत कविता उदंड झाल्या. त्यातले मूल बहुधा दप्तर घेऊन दारात उभे असते, बाप कुठे गेला असे विचारते, आणि कविता संपते. वक्तृत्व स्पर्धांतून, गॅदरिंगच्या नाटिकांतून हेच मूल फिरत राहते. ते विचारते, पण त्याला काही माहीत नसते. त्याच्या अज्ञानावरच श्रोत्यांचा हुंदका अवलंबून असतो. असाच एक उपक्रम अधूनमधून निरनिराळ्या ठिकाणी राबवला जातो: बाबा, तुम्ही आत्महत्या करू नका, अशी पत्रे शाळकरी मुलांकडून लिहून घ्यायची. हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण बापाला जगवण्याची जबाबदारी आपण आठ-दहा वर्षांच्या मुलावर टाकतो आहोत, हे कोणाच्या मनात कसे येत नाही? समजा पत्र लिहूनही बाप गेला, तर त्या मुलाने काय समजायचे? आई किंवा बाप असा गेला की लहान मुले दोष स्वतःकडे घेतात, हे मुलांच्या मनाशी काम करणारे लोक नेहमी सांगतात. मी त्या दिवशी फीचे पैसे मागितले म्हणून, मी नवे बूट मागितले म्हणून. पत्र लिहून घेणारे मोठे लोक या दोषाला एक लेखी पुरावाच तयार करून ठेवतात.

आपली नजर मुलांवरून किती सहज घसरते, याचा सगळ्यात जुना दाखला १९ मार्च १९८६ चा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने त्या दिवशी पवनारजवळ पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते, आणि अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनामुळे दर १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात. हे स्मरण मोलाचे आहे. शेतीविरोधी कायद्यांवर बोट ठेवणारे ते एक सातत्याचे काम आहे. तरीही त्या घटनेत सहा मृत्यू झाले आणि त्यातली चार मुले होती, त्यांनी मरायचे ठरवलेले नव्हते, हे वाक्य आपण वेगळे असे कधी उच्चारत नाही. ती मुले एका मोठ्या शोकांतिकेच्या हिशेबात मिसळून गेली. त्या चौघांकडे पाहणारी एखादी कथा मराठीत यायला हवी होती.

बालपणाच्या जखमेबद्दल बोलताना 'हरवलेली निरागसता' हे माप आपण फार सवयीने वापरतो. या मापात दोष आहे. ते असे गृहीत धरते की आघाताच्या आधी मुलाला जगाचे काही ठाऊक नव्हते आणि त्या एका दिवसाने त्याला सगळे कळले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात असे नसते. तिथल्या मुलाला कृषी केंद्राची उधारी ठाऊक असते, बापाचा आवाज कोणत्या माणसापुढे खाली येतो हे ठाऊक असते, यंदा दिवाळीला कपडे का नाहीत हेही ठाऊक असते. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला गेलेली दहा वर्षांची पोर किलोचा भाव तोंडपाठ सांगते. त्यामुळे बाप गेल्यावर या मुलांचे जे जाते ते अज्ञान नव्हे. जातो तो, आपल्याला जे कळते आहे त्याची काळजी करणारे कोणी मोठे माणूस घरात आहे, हा भरवसा. मूल जाणते असूनही मूल राहू शकते, जोवर त्याच्या जाणतेपणाचे ओझे दुसरे कोणी उचलत असते. तो आधार गेला की बारा वर्षांचे मूल बारा वर्षांचेच राहते आणि काम मात्र तिशीतल्या माणसाचे करू लागते. साहित्याने हा बदल पकडायला हवा. त्यासाठी मुलाला मन द्यावे लागते: राग, लाज, हिशेब, आणि कधी कधी गेलेल्या बापाबद्दल बोलता न येणारी चीडसुद्धा.

मराठीत हे आधी घडलेले आहे, आणि तेही मोठ्या ताकदीने. आनंद यादवांची 'झोंबी' पाहा. कागलच्या त्या मुलाला बाप शाळेतून काढून शेतात जुंपतो. मुलगा रडत बसत नाही. तो आईला हाताशी धरतो, गावातल्या वजनदार माणसाकडे जातो, आपण येऊन गेल्याचे बापाला कळू नये याची तजवीज करतो आणि शाळा परत मिळवतो. हा डाव आहे, आणि तो एका लहान मुलाने रचलेला आहे. यादवांनी त्याला गोड करून दाखवले नाही, म्हणून तर ते पान वाचताना वाचकाला कीव येत नाही, आदर वाटतो. १९९० साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे. या पुस्तकांतली मुले भुकेचा, जातीचा आणि शाळेच्या कागदावर बापाचे नाव काय लावायचे या प्रश्नाचा निवाडा स्वतः करतात. गाव आपल्याशी असा का वागतो, याचे उत्तर ती मुले शोधत असतात. बालपण हा सर्वांना आपोआप मिळणारा ठेवा आहे, ही मध्यमवर्गीय समजूत या आत्मकथनांनी मोडली, हे त्यांचे मोठे काम आहे आणि त्याची नोंद आपण अजून पुरती घेतलेली नाही.

बाहेरच्या जगातही सर्वांत प्रामाणिक पुस्तके याच वाटेने गेली आहेत. हंगेरीचे इम्रे कर्तेस चौदाव्या-पंधराव्या वर्षी नाझींच्या छळछावण्यांत नेले गेले. १९७५ साली त्यांची कादंबरी आली आणि २००२ साली त्यांना नोबेल मिळाले. त्या कादंबरीतला मुलगा छावणीतल्या प्रत्येक गोष्टीला काही ना काही तर्क लावत जातो, तिथे जगायचे कसे ते शिकतो. घरी परतल्यावर मोठ्यांना त्याच्याकडून नरकाचे वर्णन हवे असते, आणि त्याला ते देता येत नाही, कारण त्याला आठवतात ते रोजचे तास, एकेक पायरी. मोठ्यांना हवा तसा आघात मूल सांगत नाही. ज्याची तयारी ते खरे ऐकायची आहे त्यालाच ते काही सांगते.

आता आपल्या भागाकडे. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची. अमरावती भागातले एक गरीब शिंप्याचे घर, वऱ्हाडी बोली, आणि कौतिक नावाची बाई. आपण 'धग'ला कौतिकची कादंबरी म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या घरात वाढणाऱ्या नामाच्या बाजूने ती वाचून पाहावी. बापाचा रोग, आईची ओढाताण आणि तिचे अखेरचे भ्रमिष्ट होणे, हे सगळे त्या मुलाच्या देखत घडते. शेळके त्याच्या तोंडी मोठी वाक्ये घालत नाहीत. त्याला घरात राहू देतात, आणि ते राहणेच वाचकाला असह्य होते. बुलडाणा जिल्ह्याच्या अमडापूरचे सदानंद देशमुख यांची 'बारोमास' २००२ साली आली, २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेतीच्या अरिष्टाचा इतका आतून लिहिलेला दस्तऐवज मराठीत दुसरा सापडणे कठीण. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ, नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे, नवरा-बायकोतले वाढत जाणारे अंतर, बाप-लेकांतला ताण, हे सारे देशमुखांनी मातीच्या वासासकट उभे केले. पण 'बारोमास' हे त्या पिढीचे पुस्तक आहे जी अरिष्ट कोसळले तेव्हा तरुण होती. जी तेव्हा शाळेत होती, तिचे पुस्तक अजून यायचे आहे.

जिल्ह्यातलेच दुसरे कादंबरीकार रमेश इंगळे उत्रादकर यांनी या रिकाम्या जागेकडे एका अनपेक्षित बाजूने पाऊल टाकले. 'निशाणी डावा अंगठा'मुळे ते सर्वांना माहीत झाले, पण या विषयासाठी त्यांची 'सर्व प्रश्न अनिवार्य' मला जास्त महत्त्वाची वाटते. दहावीची परीक्षा आणि तिच्याभोवती चालणारा कॉपीचा व्यवहार हा तिचा विषय. आघाताच्या साहित्यात या पुस्तकाचे नाव कोणी घेत नाही, कारण त्यात आक्रोश नाही. पण विचार करा: पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचे शिक्षक, त्याचे पालक आणि त्याचा गाव मिळून दाखवून देतात, की वर्षभर फळ्यावर लिहिलेले सुविचार परीक्षेच्या तीन तासांत लागू नसतात. कोणी मारत नाही, कोणी मरत नाही, सगळे त्याच्या भल्यासाठीच चाललेले असते. मोठ्यांच्या शब्दावरचा विश्वास असा संमतीने, सर्वांच्या साक्षीने काढून घेतला जातो. ही जखम बापाच्या मृत्यूइतकी दिसत नाही, पण तिचा फैलाव कितीतरी मोठा आहे. आणि दोन्ही जखमा अनेकदा एकाच मुलाच्या वाट्याला येतात, हेही विसरता येत नाही: घर सावरायचे तर पास व्हायचे, आणि पास व्हायचे तर खोटे शिकायचे.

मुलांचे दुःख असे लिहावे, या म्हणण्यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला म्हणजे, हे मुलांच्या दुःखाचे भांडवल करणे झाले. पुरस्कार लेखकाला आणि दुःख मुलाला, असा तो व्यवहार. हा आक्षेप खरा ठरतो तो जिथे मूल फक्त रडण्यासाठी आणलेले असते तिथेच. ज्या लेखनात मुलाला स्वतःची अक्कल आहे, तिथे वाचकाला त्याच्यावर उपकार केल्यासारखे वाटण्याची सोय राहत नाही. दुसरा आक्षेप स्मरणाचा. चाळिशीतला माणूस आपले दहावे वर्ष लिहितो, तेव्हा ते खरोखर त्या मुलाचे असते का? नसते, पूर्णपणे कधीच नसते. पण 'बलुतं'ने यावर एक प्रामाणिक तोड काढली होती. त्यात दगडू सांगतो आणि दया पवार ऐकतात. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसवून लेखकाने आपल्यातले अंतर झाकले नाही, वाचकापुढे ठेवले. तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: निर्मळ बालपण म्हणून काही असतेच ना? प्रकाश नारायण संतांचा लंपन खोटा आहे का? लंपन अजिबात खोटा नाही. पण त्याच्या पुस्तकाला 'वनवास' हे नाव काही उगाच दिलेले नाही. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या त्या मुलाच्या प्रत्येक गमतीखाली विरहाची एक ठसठस आहे, आणि ती त्याला नीट कळते, फक्त तो ती बोलत नाही. संतांनी त्याला निर्मळ ठेवले, बुद्दू ठेवले नाही. फरक एवढाच की लंपनच्या भोवती सांभाळणारी मोठी माणसे आहेत. त्याचे कळणे त्याला एकट्याला वाहावे लागत नाही. माझ्या म्हणण्याला लंपनचा विरोध नाही, उलट आधारच आहे.

शेवटचा आक्षेप शाळांकडून आणि पालकांकडून येतो. मुलांच्या हाती असले काही देऊ नका, त्यांच्या मनावर परिणाम होईल. आत्महत्येच्या बाबतीत ही भीती बिनबुडाची नाही. मृत्यू कसा झाला याची रसभरीत वर्णने, मरणाऱ्याला हुतात्मा करणे, हे सुटका म्हणून मरणच पुढे ठेवणे आहे, आणि मोठ्यांच्या वाचनातही ते टाळले पाहिजे. वर्तमानपत्रांनी तर आधी टाळले पाहिजे. पण लिहायचे आहे ते नंतरचे: दुसऱ्या दिवशी शाळेत कोण काय बोलले, कोणत्या मैत्रिणीने डबा पुढे केला, कोणत्या शिक्षकाने काही न विचारता फॉर्मची तारीख लक्षात ठेवली, चुलत्याने बांधावरचे झाड कधी तोडले. हे वाचून कोणी मूल बिघडत नाही. ज्या वर्गात असे एक मूल बसलेले आहे, त्या वर्गातल्या इतरांना त्याच्याशी कसे बोलायचे हे त्यातून कळते. आणि 'श्यामची आई' अखेरीस आईच्या मृत्यूपाशी जाते, ती मुलांच्या हाती आपणच देत आलो आहोत.

२००६ च्या त्या पॅकेजच्या वर्षी प्राथमिक शाळेत असलेली मुले आता पंचविशी ओलांडून गेली आहेत. काही पुण्यात कंपन्यांत आहेत, काही स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत, काही त्याच शेतात. त्यांच्यातले कोणी ना कोणी लिहीत असणार. त्यांत मुलींचे लेखन मला विशेष हवे आहे. श्याम पेठकरांच्या 'तेरवं' या नाटकाने शेतकरी विधवांना स्वतः रंगमंचावर आणले, हरीश इथापे यांनी ते बसवले, आणि बायका स्वतःच्या तोंडाने बोलू लागल्यावर त्यांची कीव करणारी भाषा मागे पडली. त्यांच्या लेकी अजून बोललेल्या नाहीत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयातल्या पाचांतल्या एकीहून अधिक स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. बाप नसलेल्या घरात ही घाई आणखी होते. आपली शाळा कोणत्या महिन्यात सुटली आणि भावाची का सुटली नाही, स्थळ कोणी आणले, लग्नाच्या खर्चासाठी पुन्हा कोणाकडे हात पसरले गेले, आणि सरकारी मदतीच्या त्या लाखातले किती त्यात गेले, हे त्या मुलीला पैशापैशासकट ठाऊक आहे. ती हे वऱ्हाडीत लिहून मासिकाकडे पाठवेल, तेव्हा संपादकांनी त्यातले आकडे कंटाळवाणे म्हणून कापू नयेत.